दाजी परबांच्या बत्तीस लेकी

दाजी परब खोक्याचं झाकण ठोकण्याआधी खोक्याला उपदेश करायचे. तोही मनातल्या मनात नाही. चांगला मोठ्याने, चाळीच्या गॅलरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. "हे बघ बाय," फळीवर हात ठेवून ते सुरू करायचे, "बोटीत भिंतीक अंग लावू नको, ओल येता. वर कोण येऊन बसला तर गप रव. सासरी पोचलंस की पयलो वास बघतत, मगे रंग, मगे टाको. भियू नको." मग चार खिळे, चार ठोके आणि पुढचं खोकं.

नव्या माणसाला वाटायचं, आत कुणीतरी आहे. आत गोधड्या असायच्या.

लालबागच्या आमच्या चाळीत दाजींची ओळख 'गाठवाले परब'. गिरणीच्या गाठी खात्यात त्यांची तेवीस वर्षं गेली. कापडाचे तागे दाबायचे, गोणपाटात शिवायचे, वरून लोखंडी पट्टी आवळायची, मार्का मारायचा आणि गाठ बंदराकडे रवाना करायची. मग संप आला. संपाचं वर्ष उलटलं, दुसरं उलटलं, गिरणीचं फाटक काही उघडलं नाही. दाजींची बायको, आमच्या मामी, मुलांना घेऊन गावी गेल्या त्या तिथेच राहिल्या. कामगारांनी गिरण्या बुडवल्या असं नंतर सगळीकडे छापून आलं. ज्यांनी जन्मभर यंत्राला तेल घातलं त्यांनी बुडवल्या, आणि ज्यांनी तेच यंत्र भंगारात विकलं ते बिचारे नुकसानीत! असो. हा लेख दाजींवर आहे, मालकांवर मी पुष्कळ लिहिलं आहे.

पुरुष फाटकाकडे बघत बसले तेव्हा आमच्या चाळीतल्या बायकांनी सुया काढल्या. पुढे होत्या शेवंताकाकी कदम. काकींचा आवाज असा, की त्यांनी तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारली तर परळचा भाजीवालासुद्धा वळून बघेल. कटपीसच्या तुकड्यांच्या गोधड्या त्यांनी शिवायला घेतल्या आणि चाळीस बायका गोळा केल्या. एका प्रदर्शनात त्यातली एक गोधडी परदेशातल्या एका दुकानवाल्या बाईंच्या नजरेला पडली आणि त्यांनी ऑर्डर दिली. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला, कारण तोवर मी फक्त पत्रकं लिहीत होतो आणि काकींच्या मते माझ्या हाताला काहीतरी उपयोगाचं काम हवं होतं.

"पण पॅकिंग कोण करणार?" असं पहिल्या बैठकीत कुणीतरी विचारलं. दाजी बैठकीला नव्हतेच. ते बाहेर गॅलरीत गोधडीची घडी वीत लावून मोजत होते.

दाजींनी या धंद्याला त्यांची स्वतःची नावं दिली. परदेशातली दुकानवाली ती विहीणबाई. तिचं पत्र आलं की चाळभर, "विहिणीचा कागद इलो!" बंदरावरचे अधिकारी म्हणजे मानकरी, ते कधी, कशावरून रुसतील नेम नाही. खोकी म्हणजे अर्थातच लेकी. प्रत्येक खोक्यावर ते काळ्या रंगाने छत्रीची खूण काढायचे, म्हणजे माल भिजू देऊ नये. ते बरोबरच होतं. पण शेजारी ते काचेच्या पेल्याचीही खूण काढायचे, म्हणजे माल फुटण्यासारखा आहे.

"दाजी, गोधडी फुटते का?" मी एकदा विचारलं.

"नाय फुटणा. पण पेलो बघलो की हमाल आपटत नाय. चेडवाक कोण आपटूक नको."

चेडू म्हणजे लेक, म्हणजे खोकं. दाजींच्या वेडेपणाची हीच पंचाईत होती. त्यातला निम्मा भाग हटकून शहाणपणाचा निघायचा.

आमची पहिली खेप गेली, म्हणजे कशीबशी गेली. बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती, कारण धक्क्याला लागायला जागा नव्हती. जागा नव्हती, कारण आधीच्या बोटी रिकाम्या होत नव्हत्या. त्या रिकाम्या होत नव्हत्या, कारण क्रेन बिघडली होती. आणि क्रेनचा नवा भाग, आमचा माल बोटीवर चढवणाऱ्या एजंटाचा कारकून पिंटो याच्या म्हणण्याप्रमाणे, बाहेर खोळंबलेल्या बोटींपैकीच एकीत होता. आमचा ट्रक शिवडीच्या रस्त्यावर अकरा दिवस रांगेत उभा राहिला. दाजी रोज चालत जाऊन खोक्यांची विचारपूस करून यायचे. गोधड्या पोचल्या तेव्हा तिकडची थंडी सरली होती. विहीणबाईंनी लिहिलं, "गोधड्या फार सुंदर आहेत. लोक येतात, हात फिरवतात, कौतुक करतात आणि उन्हाळी टोप्या घेऊन जातात."

मोठ्या कंपनीचा माल बंदरात अडकला की तिचा मॅनेजर फोनवर ओरडतो. आमचा माल अडकला तेव्हा चाळीस बायका सुया डब्यात ठेवून लोकांकडे भांडी घासायला गेल्या. विलंब सगळ्यांना सारखाच होतो म्हणतात. मग सारखाच सोसायला का लागत नाही?

त्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मी काकींना दोनदा वाचून दाखवला. विहीणबाई आणखी एक संधी देत होत्या. बत्तीस खोकी, आणि बोट त्यांनीच सांगितलेली. त्या बोटीने माल निघाला तर दरवर्षी ऑर्डर. नाही निघाला तर त्या दुसरीकडून माल घेणार.

"म्हणजे एकच बोट," काकी म्हणाल्या. "चुकली तर परत भांडी."

मी रागाच्या भरात एक पत्रक लिहिलं, 'बंदर कुणाच्या बापाचं?' धक्के किती अपुरे, यंत्रं किती जुनी, कुणाचा माल रांग मोडून पुढे जातो आणि कुणाचा कुजतो, सगळं त्यात होतं. दाजींनी ते ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं.

"एकूण एक अक्षर खरा," ते म्हणाले.

"मग?"

"पण झिला, खरी गोष्ट येगळीच आसा. गेल्या वर्षी आपण चेडवांची ओटी न भरता तेंका पाठवलंव. म्हणान ती वाटेत अडली."

मी मोठ्याने हसलो. हसण्याऐवजी त्याच वेळी त्यांच्यावर पाळत ठेवायला हवी होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळं वेळेवर केलं. बायकांनी श्रावणातसुद्धा सुई खाली ठेवली नाही. ट्रक चार दिवस आधी निघाला, चार दिवस रांगेत उभा राहिला, आणि बोटीत माल घेण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी आमची बत्तीस खोकी बंदराच्या फाटकाबाहेरच्या गोदामात तपासणीसाठी उतरली. पाचला फाटक बंद होणार होतं. मी, काकी, दाजी आणि पिंटो हजर होतो. दाजींनी धुतलेला सदरा घातला होता आणि गंध लावलं होतं.

तपासणीचे साहेब आले. मध्यम वयाचे, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं मोजकं. बत्तीसमधलं एक कुठलंही उघडायचं अशी पद्धत. त्यांनी सात नंबरवर बोट ठेवलं.

झाकण निघालं. वरच्या गोधडीवर हिरव्या कटपीसचा एक खण पसरलेला. त्यावर शेंडीचा नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "हे काय?"

"नारळ," दाजी म्हणाले.

"ते दिसतंय. यादीत गोधड्या लिहिल्यात."

"गोधड्यो खाली आसत. ही तेंची ओटी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिंटोकडे पाहिलं. पिंटोने देवाकडे पाहिलं.

"सगळ्या खोक्यांत आहे हे?" काकींनी हळूच विचारलं. काकींनी काही हळूच विचारल्याचं मी तेव्हा प्रथमच ऐकलं.

"एकीक भरूची आणि दुसरीक नको, असा कसा चालात?"

"अहो दाजी, माझ्या लग्नात माझ्या बापाने एवढी ओटी भरली नव्हती!"

साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं. न सांगितलेलं धान्य नि फळ मालात सापडलं तर तिकडचे लोक सगळी खेप अडवून ठेवतात, खोकी उघडतात, औषधाचा धूर देतात. महिना कुठे जातो कळत नाही. "बत्तीसच्या बत्तीस खोकी उघडा. हे सगळं काढून कचऱ्यात टाका. पाचच्या आत बंद करून आणलीत तर मी शिक्का मारतो. नाहीतर पुढची बोट."

पुढची बोट तीन आठवड्यांनी होती. म्हणजे आमच्यासाठी नव्हतीच.

दाजी सात नंबरच्या खोक्यावर जाऊन बसले. "भरलेली ओटी परत काढूची नसता. आणि कचऱ्यात? ओटी कचऱ्यात?"

मी त्यांना विज्ञान सांगितलं. पिंटोने कायदा सांगितला. दाजींनी मांडी घातली. गोदामातलं घड्याळ दीडच्या पुढे सरकलं. मला वाटलं, संपात ज्यांना पोलिसांच्या काठीला हलवता आलं नाही ते या नारळासाठी चाळीस बायकांचं काम बुडवणार. मी ओरडणार तोच काकी पुढे झाल्या आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या.

"दाजी, लेक वेशीपाशी अडलीय. सूर्य कलायला लागलाय. आणि बाप बसलाय रुसून. अशाने जायची का ती सासरी?"

दाजींनी मान वर केली. "काय म्हटलंस? खय अडली?"

"वेशीपाशी."

दाजी ताडकन उठले. "सायब, आपल्या देशाची वेस खयशी येता?"

साहेब गोंधळले. त्यांनी खिडकीतून हात केला. "ते फाटक. त्याच्या आत गेला की माल बंदराचा."

"म्हणजे फाटक ही वेस."

"म्हणा."

"मगे नारळ वेशीर फोडूचो असता! कोण कचऱ्यात टाकता, कोण पलीकडे नेता?" आणि इतका वेळ आम्हीच खोळंबा केला असावा अशा नजरेने त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "बघतास काय? पकड आणा!"

तीन तास उरले होते, आणि बत्तीस खोकी उघडून पुन्हा ठोकायची होती. काकींनी पिंटोच्या ऑफिसातून आमच्या चाळीखालच्या वाण्याला फोन लावला. फोन लावायची गरज नव्हती असं वाणी अजून सांगतो, लालबागला तसंच ऐकू आलं असतं. तासाभरात बायका आल्या. टॅक्सीतून सहा-सहा जणी, कुणी पोळपाट तसाच टाकून, कुणी कामावरून परस्पर.

तोपर्यंत रांगेतले ट्रक ड्रायव्हर गोळा झाले होते. चार-पाच दिवस एका जागी उभे राहून कंटाळलेली माणसं ती. एक उंच ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "क्या चल रहा है, मामा?"

"लडकी की बिदाई हय," दाजी म्हणाले. "बत्तीस लडकी. हात लगाव."

त्याने मागे वळून शीळ घातली. पहारी आल्या, हातोड्या आल्या, पकडी आल्या. रांगेतल्या माणसांनी खिळे उपसायला सुरुवात केली, बायकांनी खण काढून गोधड्या झटकल्या, आणि दाजी एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारत गिरणीतल्यासारखे हुकूम सोडू लागले. पट्टी आवळताना त्यांचा हात मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. दोन झटके, एक पीळ, आणि पट्टी अशी बसायची की तिच्यात नख शिरू नये. साहेबसुद्धा थोडा वेळ चष्मा लावून नुसतं बघत राहिले. हे हात बिनकामाचे झाले असं ज्यांनी ठरवलं, त्यांना त्या दुपारी तिथे आणून उभं करायला हवं होतं.

चार वाजता फाटकासमोर बत्तीस नारळांचा ढीग लागला. दाजींनी चपला काढल्या, पहिला नारळ हातात घेतला, आणि मला वाटलं आता फोडतील. त्यांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! ह्यो बत्तीस लेकी आज वेस ओलांडतत, तेंका सुखरूप पोचव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आमच्या कोकणातल्या बायकांनी सवयीने साथ दिली.

"जी क्रेन मोडून पडली आसा, तिका उभी कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आता हमालही ओरडले.

"हे डायवर भाव पाच दिवस रस्त्यार पडले हत, तेंची वाट मोकळी कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" यातला एक शब्द न कळलेला उंच ड्रायव्हर सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

"आणि ह्या सायबाच्या हातात जो शिक्को आसा, तो खाली येवंदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" म्हणताना हशा इतका झाला की फाटकावरचा शिपाई बाहेर आला. साहेबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मग नारळ फुटले. रस्त्याच्या दगडावर, ट्रकच्या बंपरवर, पहारीच्या टोकावर, बत्तीसच्या बत्तीस. खोबऱ्याचे तुकडे रांगेच्या शेवटच्या ट्रकपर्यंत गेले. ओटीतले तांदूळ काकींनी पदरात गोळा केले आणि रस्त्याकडेला स्टोव्ह मांडून बसलेल्या ड्रायव्हरांना देऊन टाकले. खोबऱ्याचा एक मोठा तुकडा साहेबांच्या टेबलावर ठेवला. "लाच नाही हो," काकी म्हणाल्या, "प्रसाद आहे." साहेबांनी तो खाल्ला.

शेवटचा खिळा पावणेपाचला बसला आणि शेवटचं खोकं पुन्हा ट्रकवर चढलं. पण आमच्यापुढे अजून नऊ ट्रक होते. त्यांना बोटीची घाई नव्हती असं नाही. प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं होतं. उंच ड्रायव्हरने आपला ट्रक कडेला घेतला आणि हात बाहेर काढून ओरडला, "पहले लडकीवाले!" एकामागून एक नऊच्या नऊ ट्रक बाजूला झाले. रांग मोडणारे बडे लोक मी पत्रकांतून पुष्कळ रंगवले होते. रांगेने आपण होऊन दिलेली वाट मी त्या दिवशी पाहिली. शिक्का बसला, फाटक उघडं होतं, आणि आमचा ट्रक आत गेला. चाळीस बायकांनी रस्त्यावर फुगडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीत साखर वाटली जात होती. पिंटोचा निरोप आला होता, खोकी बोटीत चढली. काकींनी दाजींसाठी हार आणला होता, पण दाजींचा पत्ता नव्हता. मला थोडा अंदाज होता. मी शिवडीच्या जेट्टीवर गेलो.

दाजी एका मोडक्या होडीला टेकून पाण्याकडे बघत बसले होते. लांब बंदरात आमची बोट अजून उभी होती. सकाळी सुटणार होती, अजून सुटली नव्हती.

"चला दाजी, सगळे वाट बघतायत."

"बोट सुटांदे."

"ती सुटेल हो. आपलं काम झालं."

ते हलले नाहीत. मीही बसलो. खोक्याशी तासभर बोलणारा माणूस, पण माझ्याशी बोलताना शब्द शोधत होता.

"संपाचा दुसरा वरीस," मग ते म्हणाले. "तुझ्या मामीक आणि पोरांक गावाक पाठवलंय. तेव्हा कोकणची बोट होती भाऊच्या धक्क्यावरसून. सकाळची बोट, दुपार झाली तरी सुटना. धाकटो म्हणालो, बाबा, भूक लागली. मी म्हटलंय, आणतंय कायतरी. आणि उठलंय."

"मग?"

"खिशात काय नाय होता रे."

बोटीने भोंगा दिला. दाजी उभे राहिले.

"परत कसो जातलंय तेंच्या म्होरे? मासळीच्या पेट्यो रचलेल्यो होत्यो, तेंच्या मागे उभो रवलंय. दोन तास. धाकटो सारखो माझ्या वाटेकडे बघी. बोट सुटली, दिसानाशी झाली, मगे भायर इलंय."

"म्हणजे तुम्ही तिथेच होता!"

"थयच."

"मामींना हे ठाऊक आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिका वाटता, मी टाकून गेलंय. कागद घालता, सगळ्यांचा बरा-वायट लिवता. पण 'येव काय' असा काय कधी इचारणा नाय. मीच म्हटलंय, बोलवून खावंक काय घालू? आता ऑर्डर दरसालची झाली."

बोट हळूहळू वळली. तिचा पांढरा ठिपका होऊन तो दिसेनासा होईपर्यंत दाजी उभे होते. मग त्यांनी माझ्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवलं.

माझ्याकडे कागद म्हणून 'बंदर कुणाच्या बापाचं?'ची एक उरलेली प्रत होती. तिची मागची बाजू कोरी होती. मी ती गुडघ्यावर पसरली. पत्रासाठी दाजींनी आपली बोली बाजूला ठेवली आणि एकेक शब्द जपून, शाळेतल्यासारखा उच्चारला.

"लिही. 'मी पेट्यांच्या मागे उभा होतो. बोट दिसेनाशी होईपर्यंत होतो.'"

मी लिहिलं आणि थांबलो. "पुढे 'मुलांना घेऊन ये' असं घालू?"

दाजींनी कागद माझ्या हातातून घेतला, ती दोन वाक्यं ओठ हलवत वाचली आणि घडी घातली.

"नको. आधी एवढाच जावंदे," ते म्हणाले. "ती काय म्हणता, ता बघूया."